संगणकाची पहिली परीक्षा

(चांदूर बाजार येथे दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला 'करिअर' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. शब्द फार मोठा आहे. मी आज एका लहान परीक्षेबद्दल बोलणार आहे, कारण आपल्या तालुक्यातली बरीच मुलं मोठ्या दारापर्यंत पोहोचतात आणि लहान उंबऱ्यावर अडखळतात. परीक्षेचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे : एमएस-सीआयटी.

२००१ मध्ये राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकारानं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, ही कंपनी उभी राहिली. तिनं हा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून चालवला. प्रमाणपत्र मात्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं असतं. शंभरपैकी ५० गुण केंद्रात शिकताना केलेल्या कामाचे आणि ५० गुण शेवटच्या ऑनलाइन परीक्षेचे. दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. म्हणून 'क्लासला नाही गेलो तरी चालते, पेपराच्या दिवशी पाहू' हा हिशेब इथं बसत नाही.

दुसरा रस्ताही आहे आणि तो आपल्याकडं कमी जणांना ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या 'नायलिट' संस्थेची सीसीसी परीक्षा. या संस्थेचं जुनं नाव डोएक. भरतीच्या जाहिरातीत अजूनही ते जुनं नाव दिसतं, तेव्हा गोंधळू नका. अभ्यासक्रम ८० तासांचा. परीक्षेत १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं, उत्तीर्ण व्हायला ५० टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कोणत्याही केंद्रात नाव न घालता थेट अर्ज करता येतो. घरी किंवा मित्राकडं संगणक असेल, स्वतः शिकायची तयारी असेल आणि क्लासची फी झेपत नसेल, तर या रस्त्याचा विचार करा. ज्यांनी संगणकाला कधी हातच लावला नाही, त्यांच्यासाठी केंद्रातला रोजचा सराव बरा.

आता मुद्द्याचं. या कागदानं नोकरी मिळते का? नाही. कोणी 'नोकरीची हमी' असा फलक लावला असेल, तर त्या दुकानातून सरळ बाहेर या. पण हा कागद नसला तर राज्य शासनाच्या बऱ्याच पदांवर तुमची नेमणूक अडते. काही जाहिरातींत नेमणुकीनंतर दोन वर्षांची मुदत देतात, काहींत आधीच मागतात. म्हणून जाहिरात स्वतः वाचा. दुसऱ्यानं वाचून सांगितलेल्या जाहिरातीवर विसंबू नका. आणि लिपिक-टंकलेखक व्हायचं असेल तर एवढ्यानं भागत नाही. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, हे टंकलेखनाचं शासकीय प्रमाणपत्र वेगळं लागतं. ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठीचा वेग यायला महिने लागतात. ते आजपासून सुरू करा.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांची भीती मला कळते. 'सर, मले इंग्रजी येत नाही, मराठीबी लिहिताना चुकते.' अरे, घरी उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि टीव्हीवर हिंदी, एवढ्या भाषा तुम्ही रोज सांभाळता! एमएस-सीआयटी मराठीतून देता येते. तिथं निबंध लिहायचा नसतो. फाईल साठवणं, तक्ता करणं, एक्सेलमध्ये बेरीज लावणं, ई-मेलला कागद जोडणं, ही हातानं करायची कामं आहेत. ती पाठ करून येत नाहीत. सायकल पुस्तक वाचून कोणी शिकलं आहे का? उर्दूत पुढं काम करायचं असेल, तर राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा संगणक डिप्लोमाही आहे. त्यात हिशेब आणि बहुभाषिक डीटीपी शिकवतात.

आता एक अशी गोष्ट, जी कोणताही क्लासवाला सांगत नाही. आपली नावं. दाखल्यावर 'शे. अमुक शे. तमुक', आधारवर 'शेख अमुक', बँकेत 'अमुक शेख'. मुलींच्या नावात कुठं 'बी', कुठं 'बानो', कुठं 'परवीन', आणि इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी वेगळं स्पेलिंग. वऱ्हाडात ही आपली जुनी पद्धत आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण संगणकाला 'शे.' आणि 'शेख' ही दोन वेगळी माणसं वाटतात. परीक्षेचा अर्ज भरण्याआधी दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. चूक दहावीच्या प्रमाणपत्रात असेल तर शाळेमार्फत अमरावती विभागीय मंडळाकडं दुरुस्ती मागा. आधारची चूक आधार केंद्रात. आज हे काम कंटाळवाणं आहे. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी तेच काम रडवतं.

आणि हो, परीक्षेला न बसता प्रमाणपत्र आणून देतो म्हणणारे भेटतील. ते घेऊ नका. खोटं प्रमाणपत्र पडताळणीत पकडलं जातं. नोकरी जाते, गुन्हा दाखल होतो. आणि पकडलं गेलं नाही, तरी साहेबानं 'पत्र टाईप करून दे' म्हटल्यावर काय करणार?

पालकांनो, आता तुमच्याशी. मुलाला क्लासला पाठवता, मुलीला 'घरी बस' म्हणता. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले तेव्हा आपल्या अम्मी, खाला, आपा दिवसदिवस सेतू केंद्राबाहेर उभ्या होत्या. ज्या घरात एका मुलीला अर्ज भरता येत होता, त्या घरानं रांग लावली नाही. वरून शेजारच्या चार घरांचेही अर्ज तिनं भरले. वेळेची, अंतराची काळजी असेल तर तीन-चार मुलींची एकत्र बॅच मागा. केंद्रवाले वेळ देतात. पण दार बंद करू नका.

हा विषय फक्त नोकरीचा नाही, म्हणून मी इतकं बोलतो आहे. सातबारा ऑनलाइन झाला. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. संत्र्याच्या बागेची नोंद वेळेत झाली नाही, तर पुढं नुकसानभरपाईला अडचण येते. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखले ठरावीक मुदतीत मिळणं हा आपला हक्क झाला, पण अर्ज कधी केला आणि मुदत कधी संपली हे पाहता आलं, तरच अपील करता येतं. ज्याला हे येत नाही, त्याचा हक्क दुसऱ्याच्या हातात राहतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालावर आपण खूप सभा घेतल्या आणि शासनाकडं मागण्या केल्या. त्या करायलाच हव्यात. पण अर्जाची शेवटची तारीख मोर्च्यासाठी थांबत नाही.

म्हणून आज तीन कामं घेऊन घरी जा. या आठवड्यात नावाचे कागद जुळवा. या महिन्यात दोन्ही परीक्षांपैकी एक ठरवून अर्ज करा. केंद्र अधिकृत आहे की नाही, ते एमकेसीएलच्या संकेतस्थळावर आधी पाहा. आणि उत्तीर्ण झालात की रविवारी दोन तास आपल्या मोहल्ल्यात टेबल टाकून बसा. कोणाचाही अर्ज असो, कोणत्याही जातीधर्माचा, भरून द्या. पैसे घेऊ नका. शिकलेलं तिथंच पक्कं होईल.

आता प्रश्न विचारा. पहिला प्रश्न मुलींकडून येऊ द्या.