मुंबई सोडायचीय, पण जायचं कुठं? आमची कोल्हापूरची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)

कानात इअरफोन घालून लोकलच्या दारात उभे असाल, तर आधी जरा आत सरका. मग ऐका.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. "दादा, आम्हालाही शहर सोडायचंय. कुठं जाऊ?" खरं सांगू? याचं उत्तर माझ्याकडं नाही. आम्ही कसं ठरवलं, कुठं चुकलो आणि ती चूक कोणी सावरली, एवढं मात्र सांगता येईल.

आम्ही चौघं. मी, बायको, आठ वर्षांची लेक आणि माझी आई. डोंबिवलीत वन बीएचके, चौथा मजला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, काम बहुतेक घरून. महिन्यातून दोनदा ऑफिसला तोंड दाखवायचं. बायको वकील. बारा वर्षं मुंबई हायकोर्टात. म्हणजे बारा वर्षं सकाळची फास्ट लोकल, खांद्यावर कोटाची बॅग, हातात फायली.

शहर सोडायचं खूळ माझं. मी घरात बसून लॅपटॉपवर निसर्गाचे व्हिडिओ बघायचो आणि ती रात्री साडेनऊला घामाघूम होऊन यायची. आल्या आल्या मी म्हणायचो, "आपण कुठंतरी शांत ठिकाणी जाऊया ना!" ती म्हणायची, "आधी मला पाणी दे."

तर आमची यादी झाली चार नावांची. रत्नागिरीजवळचं आमचं मूळ गाव, नाशिक, पुणे आणि कोल्हापूर.

गाव आईला हवं होतं. पण आईची अँजिओप्लास्टी झालेली आहे. मी गावातल्या चुलतभावाला विचारलं, "रात्री दोनला छातीत दुखलं तर काय करता?" तो म्हणाला, "गाडी काढतो आणि आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो." म्हटलं, शेवटी कोल्हापूरच गाठायचं असेल तर आधीच तिथं राहिलेलं काय वाईट? गाव सुट्टीसाठी ठेवलं. पुण्यावर बायकोनं काट मारली, म्हणाली एका ट्रॅफिकमधून दुसऱ्या ट्रॅफिकमध्ये जायला घर कशाला बदलायचं. नाशिक छान, पण तिथून रोज फोर्टला येणं-जाणं म्हणजे आयुष्य रेल्वेलाच वाहून टाकायचं.

राहिलं कोल्हापूर. तिथं आमचं कोणी नाही. नातेवाईक नाही, ओळख नाही, जमीन नाही.

एका मित्रानं तेव्हा फार मोलाचं सांगितलं. म्हणाला, "शहर बघायला डिसेंबरात जाऊ नको. डिसेंबरात सगळीच शहरं भारी असतात. ते सगळ्यात वाईट दिसतं तेव्हा जा." म्हणून आम्ही जुलै २०२४ मध्ये गेलो. आणि बरोबर त्याच आठवड्यात पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली.

तिथं एक गोष्ट शिकलो. पावसाळ्यात कोल्हापूरकर हवामानापेक्षा फूट मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. चहाच्या टपरीवर, रिक्षात, सगळीकडं एकच चौकशी. "किती फूट झालं?" आणि पाठोपाठ, "राधानगरीचं दरवाजं किती उघडलं?" शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं ते धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी चढलं की आपोआप उघडतात, आणि ते पाणी पुढं पंचगंगेत येतं.

२०१९ च्या महापुरात बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. शिरोलीजवळ महामार्ग कितीतरी दिवस बंद. दूध, भाजी, पेट्रोल, सगळ्याचा तुटवडा. २०२१ मध्ये परत तेच.

आता घर बघण्याचा किस्सा. एका एजंटानं आम्हाला तळमजल्यावरचा टू बीएचके दाखवला. प्रशस्त, समोर झाड, भाडं एकदम कमी. मालक म्हणाले, "इथं पाणीबिणी काय येत नाही हो." मी खूश. बायको वकील ना! ती भिंतींकडं बघत होती. विजेचा मीटर डोक्याच्याही वर बसवलेला. रंग कमरेच्या वरपर्यंत नवा, त्याच्यावर जुना. ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मामांना विचारलं, "मामा, २०१९ ला पाणी कुठवर आलतं?" चक्क "आलतं" म्हणाली, दोन दिवसांत शिकली होती! मामांनी काही न बोलता स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

म्हणून माझा पहिला सल्ला. नदीकाठच्या कुठल्याही शहरात घर बघताना "पाणी येतं का?" असं मालकाला विचारू नका. "पाणी कुठवर आलं होतं?" असं शेजारच्या दुकानदाराला विचारा. मनपाच्या नकाशात पूररेषा असते, निळी आणि लाल. ती बघाच. पण मामांचा हातही बघा.

बरं, मग उंचावर घर घेतलं की झालं? नाही. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा नदीकाठची पाणी उपसा केंद्रंच बुडाली. म्हणजे खाली घरात पाणी आणि वर नळाला थेंब नाही. टँकरची रांग. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन हवी म्हणून कोल्हापूरकर किती वर्षं भांडले असतील! ते पाणी शहरात आलं नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीत. उपनगरांत स्वस्त फ्लॅट दिसतात, तिथं आणखी एक मेख आहे. १९७२ ला महापालिका झाली, पण हद्दवाढीचं घोंगडं तेव्हापासून भिजतच पडलेलं. त्यामुळं रस्ता तोच, बिल्डिंगची रांग तीच, पण अर्ध्या रस्त्यावर महापालिका संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते. कचरा कोण उचलतं, पाणी कोण देतं, हे घर बघतानाच विचारायचं.

एवढं सगळं बघूनही मी प्रेमात पडलो होतो. चौथ्या संध्याकाळी दसरा चौकाजवळ चहा पिताना मी म्हटलं, "फिक्स करूया. डोंबिवलीचा फ्लॅट विकू, इथं घेऊ."

तिनं कप खाली ठेवला. "आणि मी काय करू इथं?"

मी म्हटलं, "इथंही कोर्ट आहेच की." मंडळी, माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मूर्ख वाक्यांपैकी एक. ती म्हणाली, "बारा वर्षं मी हायकोर्टात घालवली. तू लॅपटॉप उचलून कुठंही जाशील. माझं काम बॅगेत मावत नाही."

मी म्हटलं, "हायकोर्टाचं बेंच कोल्हापूरला होणार म्हणतात." ती म्हणाली, "ही मागणी मी कॉलेजात होते त्याच्याही आधीपासूनची आहे. 'होणार म्हणतात' यावर मी माझी प्रॅक्टिस सोडू?"

परतीच्या गाडीत आम्ही बोललो नाही. विषय संपला. मी वर्षभर तोंड पाडून होतो. तुमच्याजवळ प्रामाणिकपणे कबूल करतो, मला ती अडेल वाटत होती.

मग २०२५ चा ऑगस्ट उजाडला. एक तारखेला अधिसूचना निघाली आणि १८ ऑगस्टपासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सीपीआरजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांसाठी. तिच्या सिनियरकडं सांगली-साताऱ्याकडची बरीच कामं होती. ती आता तिकडं चालणार होती.

त्या रात्री तीच म्हणाली, "मी जाऊन बघते." आपण नाही हं. मी.

आणि ती खरंच गेली. तीन महिने पेइंग गेस्ट म्हणून राहिली. एका खोलीत, कॉलेजच्या मुलींच्या शेजारी, चाळिशीला आलेली बाई. मी डोंबिवलीत लेकीचे डबे, आईच्या गोळ्या आणि स्टँडअप मीटिंग एकत्र सांभाळत होतो. शनिवार-रविवारी ती महालक्ष्मी एक्स्प्रेसनं यायची, रात्री बसायची आणि सकाळी कल्याणला उतरायची. शांत जगण्याचं स्वप्न माझं होतं, पण त्याचा पहिला हप्ता तिनं भरला. हे मला तेव्हा कळलं.

म्हणून दुसरा सल्ला. "येणार आहे" आणि "आलं आहे" या दोन वेगळ्या याद्या करा. प्रत्येक शहराच्या माहितीपत्रकात काहीतरी येणारच असतं. आयटी पार्क येणार, नवी रेल्वे येणार, रिंगरोड येणार. येवोत बिचारे! पण घर बदलायचं ते आलेल्या गोष्टींवर. आणि बेंच आलं तरी ते सर्किट बेंच आहे, कायम व्हावं ही मागणी आहेच. हेही तिनंच मला समजावलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे आलो. निघताना भांडण झालं ते फ्लॅटवरून. मला विकायचा होता. ती म्हणाली, "वर्षभर भाड्यानं दे. आपणही भाड्यानंच राहू. पुढच्या दिवाळीत चौघांनी मत द्यायचं. आईंनी आणि पोरीनंही. आणि मला परत जावंसं वाटलं तर मी तुझं स्वप्न मोडलं असं तू म्हणायचं नाहीस." मला ते अविश्वासाचं वाटलं. आज वाटतं, त्या एका अटीमुळं आम्ही इथं मोकळेपणानं राहतोय. परतीचं दार उघडं असलं की माणूस घरात नीट बसतो.

आता खर्चाचं सांगतो, कारण तुम्ही तेच विचारता. डोंबिवलीच्या वन बीएचकेचं १६ हजार भाडं येतं, इथं राजारामपुरीच्या पलीकडं उंचावरच्या टू बीएचकेचं १४ हजार जातं. ऐकायला झकास. पण इथं लोकल नाही, केएमटीची बस आपल्या वेळेला असेलच असं नाही. मग दोन स्कूटर घेतल्या. माझं महिन्यातून दोनदा मुंबई. बायकोची कमाई पहिले सहा महिने निम्म्याहून खाली. "छोट्या शहरात पैसे वाचतात" हे अर्धंच खरं. आमचे वाचले ते तास. ती आता पावणेसातला घरी असते. पहिल्यांदा आली तेव्हा लेकीनं विचारलं, "आई, तुला बरं नाही का?"

लेकीला मात्र जड गेलं. वर्षाच्या मध्येच शाळा बदलली. वर्गात तिला "मुंबई" म्हणूनच हाक मारायचे. महिनाभर रोज रात्री रडायची. मी म्हणायचो होईल सवय. आईनं तिला खाली नेलं आणि शेजारच्या पोरांना सांगितलं, "हिला फुटबॉल शिकवा." कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉल आहे हे तुम्हाला माहीत असेल. आता ती सामन्याच्या दिवशी कुठल्या तालमीच्या बाजूनं ओरडते ते मी इथं सांगणार नाही. मला याच शहरात राहायचंय!

इथं नवीन माणसाला पहिला प्रश्न येतो, "गाव कुठलं?" आणि पाठोपाठ, "मग हितं कसं काय?" सुरुवातीला मला तो टोचायचा. मग एका रविवारी वळिवडे-गांधीनगरकडं गेलो. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात वळिवडेच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बाया आणि पोरं, रशियाच्या छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतले सिंधी लोक आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं, कापडाची केवढी मोठी बाजारपेठ! त्यांच्याकडं चार नावांची यादी नव्हती. जिथं उतरवलं तिथं त्यांनी संसार मांडला. आमच्याकडं निवड होती, परतायला फ्लॅट होता, आणि तरी मी कुरकुरत होतो. त्या दिवसापासून "हितं कसं काय?" ला मी सरळ उत्तर देतो, "राहायला आलोय, मामा." मामा म्हणतात, "मग चहा घ्या की."

तर मंडळी, कुठं जायचं हे ठरवताना आधी घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट कागदावर लिहायला सांगा. जी सोडायची तयारी नाही, अशी एकच. माझ्या कागदावर "शांतता" होती, आईच्या "दवाखाना", लेकीच्या "मैत्रिणी", आणि बायकोच्या "माझं काम". आम्ही हे केलं, पण वर्षभर उशिरा. आधी केलं असतं तर त्या चहाच्या टेबलावर मी ते मूर्ख वाक्य बोललो नसतो.

आता वळीव सुरू झालाय. इथं राहायला आल्यावरचा हा आमचा पहिला पावसाळा. टाकी धुऊन घेतलीय, आईच्या गोळ्या महिनाभराच्या भरून ठेवल्यात, आणि मीही आता फूट मोजायला शिकलोय. दिवाळीत मतदान आहे. निकाल काय लागेल ते खरंच माहीत नाही. लागला की याच जागी येऊन सांगेन, मग तो माझ्या विरोधात का असेना.

तोवर तुमच्या घरातल्या सगळ्यांचे कागद भरून घ्या, आणि कोणाच्या कागदावर काय निघालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!