कर्करोगावरील प्रतिकारशक्ती-उपचारानंतरचे लसीकरण

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या पावसाळ्यात साठीच्या घरातले एक गृहस्थ बाह्यरुग्ण विभागात आले. लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर मुंबईस उपचार घेऊन घरी परतल्याला त्यांना चार महिने झाले होते. प्रकृती बरी होती, वजन वाढू लागले होते. तक्रार निराळीच होती. त्यांच्या सुनेने दीड महिन्याच्या बाळाची लस थांबवली होती. बाळाला लस दिली तर आजोबांना बाधा होईल, असे कोणीतरी तिला सांगितले होते. म्हातारबुवा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझं काय व्हायचं ते होवो, पण माझ्यामुळं नातवाची लस राहू नये."

त्यांच्या फायलीच्या शेवटच्या पानावर लसीकरणाविषयी इंग्रजीत दोन ओळी होत्या. घरात कोणी त्या वाचल्या नव्हत्या आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी अनेकांनीही त्या वाचून पुढचे पान उलटले असते. म्हणून आज हा विषय घेतला. सुनेला मिळालेला सल्ला अर्धा खरा होता. कोणता अर्धा, ते ओघात सांगेन.

प्रतिकारशक्तीच्या साहाय्याने कर्करोगावर उपचार, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. क्षयप्रतिबंधासाठी आपण नवजात बालकांस जी बीसीजी टोचतो, तीच मूत्राशयाच्या कर्करोगात मूत्राशयात सोडण्याची पद्धत १९७६ पासून परिचित आहे. रिटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले आणि २००७ पासून त्याची भारतीय आवृत्ती मिळू लागल्यावर आपल्या भागातील रुग्णांच्याही आवाक्यात येऊ लागले. प्रतिकारशक्तीवरील 'ब्रेक' काढून घेणाऱ्या औषधांच्या मूलभूत संशोधनास २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी निव्होलुमॅब हे औषध फार महाग. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी तोंडाच्या व घशाच्या बळावलेल्या कर्करोगात ते दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, देऊन पाहिले. वर्षभर जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तंबाखू जिथे मिसरीपासून गुटख्यापर्यंत सर्व रूपांत खाल्ली जाते, त्या आपल्या जिल्ह्यास या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आणि आता कार-टी पेशी. रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालायचे, की जेणेकरून त्या कर्करोगाच्या पेशीवरील खूण ओळखतील, आणि संख्येने वाढवून पुन्हा रुग्णास द्यायच्या. भारतातील असा पहिला उपचार ४ जून २०२१ रोजी खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या अॅक्ट्रेक संस्थेत झाला. पवईच्या आयआयटीत प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत या पेशींचे तंत्र विकसित झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९' या नावाने त्यांस केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते या उपचाराचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटी रुपये लागणारा उपचार येथे तीस-चाळीस लाखांत आला. ही रक्कमही सामान्य शेतकऱ्यास न पेलणारी आहे, हे मी जाणतो. पण ज्यांच्यावर दुसरे सर्व उपचार हरले होते, अशांपैकी ७३ टक्के रुग्णांत चाचण्यांमध्ये या पेशींचा गुण आला. आपल्या महाराष्ट्रात झालेले हे काम आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

परंतु या उपचाराचे देणे शरीराला फेडावे लागते. नेक्सकार-१९ मधील पेशी 'सीडी-१९' ही खूण पाहून हल्ला करतात. ही खूण कर्करोग झालेल्या बी-पेशींवर असते, तशीच निरोगी बी-पेशींवरही असते. मारेकऱ्यास आपपर कळत नाही, दोन्ही जातात. बी-पेशी गेल्या की नवी प्रतिपिंडे तयार होणे थांबते. रिटुक्सिमॅब वेगळी खूण धरते, पण परिणाम त्याच जातीचा होतो.

आपल्या दुष्काळी भागात पूर्वी घरोघरी धान्याचे पेव असे. पेवात जुनी ज्वारी असली की एखादे साल पेरणी बुडाली तरी घर तरते. शरीरातही असे एक पेव आहे. अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या काही पेशी असतात, त्यांच्यावर सीडी-१९ ची खूण बहुधा नसते. त्यामुळे लहानपणी झालेल्या गोवराची किंवा घेतलेल्या लशींची जुनी प्रतिपिंडे अशा रुग्णांतही पुष्कळदा शिल्लक राहतात. बुडते ती नवी पेरणी. नवा जंतू आला किंवा नवी लस टोचली, तर बी रुजायला जमीनच नसते. ही स्थिती काहींत काही महिने, तर काहींत काही वर्षेही राहते. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर वापरल्या जाणाऱ्या कार-टी पेशींची गोष्ट अधिक कठीण, कारण त्या पेवच रिकामे करतात.

आता रुग्ण विचारतात, "मग लस कधी घ्यायची?" याचे एकच उत्तर सर्वांस लागू पडत नाही. रिटुक्सिमॅब किंवा तत्सम औषध सुरू करावयाचे असेल, तर शक्य असल्यास त्याच्या दोन ते चार आठवडे आधी लशी उरकाव्यात. कर्करोग थांबायला तयार नसेल तर लशीसाठी उपचार अडवू नये. उपचार झाल्यावर सर्वसाधारणपणे सहा महिने थांबावे. कार-टी नंतरही मेलेल्या जंतूंच्या किंवा जंतूंच्या अंशांच्या लशी साधारण सहा महिन्यांनी सुरू करतात. इन्फ्लुएंझाची टोचण्याची लस मात्र हंगाम तोंडावर असेल तर तीन महिन्यांनंतरही देतात. ती पुरती लागू पडेल याची हमी नसते, तरी थोडे संरक्षणही उपयोगाचे असते. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस या यादीत अग्रभागी ठेवावी. जिवंत जंतूंच्या लशी, म्हणजे गोवर-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, किमान वर्षभर आणि पुष्कळदा दोन वर्षे वर्ज्य समजाव्यात. त्यानंतरही रक्ततपासणी करून, उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या लेखी संमतीनेच.

निव्होलुमॅबसारख्या औषधांचा मामला उलट आहे. तेथे प्रतिकारशक्ती कमी होत नाही, उलट ती कधीकधी स्वतःच्याच आतड्यावर, फुप्फुसावर किंवा थायरॉइडवर उठते. या रुग्णांना मेलेल्या लशी नेहमीप्रमाणे देता येतात. मात्र तो उठाव शमविण्यासाठी स्टेरॉइड सुरू झाले, दिवसाला २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन आठवडे वा अधिक, तर तो रुग्णही दुबळ्यांच्या पंक्तीत जातो. "इम्युनोथेरपी चालू आहे" एवढेच सांगून भागत नाही, कोणती, हे विचारले पाहिजे.

पुस्तकात सहसा एका ओळीत उरकलेल्या, पण आपल्या गावांत रोज समोर येणाऱ्या काही गोष्टींकडे आता वळतो.

पहिली गोष्ट कुत्रा चावण्याची. रेबीजची लस मेलेल्या विषाणूची आहे, ती अशा रुग्णाला कधीही देता येते आणि दिलीच पाहिजे. परंतु त्याचे शरीर प्रतिपिंडे तयार करील याचा भरवसा नाही. म्हणून इतरांच्या बाबतीत किरकोळ समजला जाणारा ओरखडाही येथे गंभीर धरावा, लशीचा पूर्ण क्रम द्यावा आणि जखमेत रेबीजचे तयार प्रतिपिंड, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, अवश्य भरावे. पूर्वी लस घेतलेली असली तरीही. रुग्णाने अपघात विभागात पाऊल ठेवताच आपला उपचार सांगितला नाही, तर हे कोणाच्या ध्यानात येणार नाही. उसाच्या फडात कोयता लागला तर धनुर्वाताबाबतही हाच विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट नागिणीची. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती खचली की नागीण होऊन उठतो. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत अजून जुन्या माणसांत आहे आणि मंत्र टाकणाराकडे दोन-तीन दिवस जातात. विषाणूविरोधी गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग, आणि नेमके तेच दिवस असे वाया जातात. नागिणीची जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन मात्रा घ्याव्या लागतात आणि ती स्वस्त नाही.

तिसरी गोष्ट गोठ्यातली. आपला जिल्हा दुधाचा. सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाविरुद्ध चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना जी लस टोचतात, ती जिवंत जंतूंची असते. हातात सुई घुसल्यास ती निरोगी पशुवैद्यकासही आजारी पाडू शकते. त्या दिवशी कालवड धरण्याचे काम या रुग्णाने दुसऱ्यावर सोपवावे आणि निरसे दूध तर कोणत्याच दिवशी पिऊ नये.

आशाताईंसाठी एक सूचना. २०२४ मध्ये देशाच्या अनेक भागांत, महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांतही, प्रौढांना बीसीजी देण्याची मोहीम निघाली. साठी उलटलेली, कृश माणसे तिच्या यादीत होती आणि आपले कर्करोगाचे रुग्ण वयाने व अंगकाठीने त्या यादीत अगदी चपखल बसतात. बीसीजी ही जिवंत लस. घरी मोहीम आली म्हणून बाही वर करण्यापूर्वी उपचारांची चौकशी करणे अत्यावश्यक आहे.

आता त्या सुनेकडे येतो. बाळाच्या टोचण्याच्या लशींनी आजोबांस काही होत नाही. पुढे नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस दिली तरी होत नाही. उलट नातवाला गोवर झाला तर आजोबांच्या जिवावर बेतेल. खरा अर्धा भाग पोलिओच्या तोंडी थेंबांचा. त्यांतील जिवंत विषाणू बाळाच्या विष्ठेतून काही आठवडे बाहेर पडतो. अशा घरात बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने थेंबांऐवजी टोचण्याची पोलिओ लस पूर्ण क्रमाने द्यावी. थेंब दिले गेलेच असतील, तर चार ते सहा आठवडे आजोबांनी बाळाची लंगोटी बदलू नये, धुऊ नये आणि हात साबणाने धुवावेत. रोटाव्हायरसच्या थेंबांनंतरही तीच काळजी. आम्ही सुनेला बोलावून हे समजावले. बाळाची लस पंधरा दिवस उशिरा, पण झाली. घरातील बाकीच्यांनी इन्फ्लुएंझाची लस घेतली. ज्याच्या शरीरात लस रुजत नाही, त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचणे हेच त्याचे कुंपण.

प्रतिपिंडांची पातळी फारच घसरली, म्हणजे आयजीजी ४०० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि वारंवार गंभीर संसर्ग होऊ लागले, तर दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली प्रतिपिंडे शिरेतून महिन्या-महिन्याला द्यावी लागतात. एकेका वेळेचा खर्च हजारोंत जातो. पातळी कमी दिसली म्हणून सर्वांस ती देण्याचे कारण नाही, हे सहकाऱ्यांस नम्रपणे सांगतो. ती चालू असता रक्तात सापडलेली प्रतिपिंडे दात्यांची असतात, रुग्णाची नव्हेत, हेही अहवाल वाचताना विसरू नये. बाजारात मिळणारे 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' काढे आणि चूर्णे मात्र नाहीशा झालेल्या बी-पेशी परत आणू शकत नाहीत. त्यांवर खर्च होणारे पैसे न्यूमोकोकसच्या लशीस पुरले असते, असे मला अनेकदा वाटते.

याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली त्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळाची लस चुकू नये हे अक्षर न वाचता येणाऱ्या बाईने पाहिले. मग मुंबईहून परत आलेल्या रुग्णाची लस आपण का पाहू नये?

विश्वस्त मंडळापुढे माझी विनंती मर्यादित आहे. मुंबई-पुण्याहून असा उपचार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मराठीत एक पत्रक द्यावे. त्यावर उपचाराचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख, कोणती लस कधी आणि कोणती वर्ज्य, एवढे ठळक अक्षरांत असावे. ते त्याने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे, कारण तीच पिशवी प्रत्येक घरात सापडते. प्रौढांच्या या लशी शासनाच्या सार्वत्रिक लसीकरणात येत नाहीत. त्यांसाठी गरीब रुग्ण निधीत एक वेगळे खाते काढावे. औषधालयात रेबीज इम्युनोग्लोब्युलिन नेहमी शिल्लक असावे आणि लशींच्या शीतकपाटास वीज गेल्यावर चालेल अशी जोडणी असावी. गेल्या उन्हाळ्यात भारनियमनात आम्ही बर्फाच्या पेट्या उसन्या आणल्या, हे अध्यक्ष महोदयांना ठाऊक आहेच. पत्रकाचा मसुदा मी सोबत आणला आहे; तो सभेच्या टेबलावर ठेवतो.