टेकवून घेतलेलं माप



कोल्हापूरच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात फौंड्र्या आहेत. फौंड्री म्हटली की पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घडवतात ते नमुने, आले. जुन्या लाकडी पॅटर्नचं ड्रॉइंग पुष्कळदा उरलेलं नसतं आणि तो घडवणारा कारागीरही कामावर नसतो. अशा वेळी त्या आकाराचा एकमेव पुरावा म्हणजे ते लाकूड, आणि लाकूड तर झिजतं, आकसतं. तो आकार आकड्यांत उतरवून ठेवण्याचं काम सीएनसी मिलिंग मशीन करू शकतं. स्पिंडलमध्ये कटरऐवजी टच प्रोब लावायचा.

या प्रोबचा जन्म विमानाच्या इंजिनासाठी झाला. १९७२ साली रोल्स-रॉइसमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड मॅकमर्ट्री यांना कॉन्कॉर्डच्या ऑलिम्पस इंजिनाच्या इंधननळ्या अचूक मोजायच्या होत्या. त्यांची युक्ती आजही बहुतेक प्रोबमध्ये दिसते. आत तीन दांड्या असतात, प्रत्येक दांडी दोन गोळ्यांवर टेकलेली, आणि या सहाही टेकांमधून वीज वाहत असते. खालच्या काडीच्या टोकाला माणकाचा गोल मणी असतो. मणी पृष्ठभागाला टेकला की आतली दांडी किंचित हलते, विजेचा मार्ग अडतो आणि त्याच क्षणी मशीन एक्स, वाय, झेड नोंदवून घेतं. मणी मागे घेतला की स्प्रिंगच्या दाबानं दांड्या पुन्हा नेमक्या जागी बसतात. म्हणून तोच बिंदू पुन्हा मोजला तर उत्तर मायक्रॉनभराच्या फरकानं तेच येतं.

आता हिशेब पाहा. शंभर मिलिमीटर लांब-रुंद तुकडा, दर मिलिमीटरला एक बिंदू. म्हणजे १०,२०१ बिंदू. एका बिंदूला तीन सेकंद धरले तरी साडेआठ तास. अंतर अर्ध्यावर आणलं की बिंदू चौपट आणि वेळ तेहेतीस तासांच्या पुढे. म्हणून सपाट भागात विरळ आणि वळणावर, कडेला दाट बिंदू घ्यावेत. कुठे टेकवायचं, हे कारागिरानं ठरवायचं. तिथे त्याची नजरच लागते.

दुसरी गोष्ट मण्याची. मशीन नोंदवतं ते मण्याच्या केंद्राचं स्थान. सपाटीवर मणी तळानं टेकतो, उतारावर कुशीनं. दोन मिलिमीटरचा मणी पंचेचाळीस अंशांच्या उतारावर टेकला आणि आपण तळाचंच माप धरलं, तर उंची ०.४१ मिलिमीटर जास्त भरते. ही दुरुस्ती पृष्ठभागाच्या काटकोनात करावी लागते. मात्र त्याच व्यासाच्या बॉलनोज कटरनं तोच मार्ग कापला, तर दुरुस्तीशिवाय मूळ आकार मिळतो. जुनी कॉपी मिलिंग मशीनं याच तत्त्वावर चालत. मण्याहून अरुंद खाचेत मात्र मणी उतरत नाही, आणि तीन अक्षांच्या मशीनवर आत वळलेल्या अंडरकटपर्यंत तो पोहोचत नाही.

वेळेच्या दृष्टीनं लेझर स्कॅनर कितीतरी वेगवान. पण चकचकीत किंवा पारदर्शक पृष्ठभागावर तो अडखळतो. प्रोबला चकाकीशी देणंघेणं नाही. त्याला अडचण येते ती मऊ मेणाची किंवा ओल्या मातीची, कारण टेकताच ती दबते.

फौंड्रीवाल्यांसाठी एक मुद्दा फार मोलाचा आहे. ओतीव लोखंड गार होताना साधारण एक टक्का आकसतं. पॅटर्नमध्ये ती वाढ आधीच धरलेली असते, तयार कास्टिंगमध्ये नसते. तेव्हा स्कॅन पॅटर्नचा आहे की कास्टिंगचा, हे फाइलमध्ये लिहिलंच पाहिजे. नाहीतर ही वाढ एकतर राहून जाईल किंवा दोनदा धरली जाईल. त्यासोबत मण्याचा व्यास, शून्य बिंदू कुठे धरला आणि मोजताना तापमान किती होतं, हेही नोंदवावं. पोलादाची मीटरभर लांबी दर अंशाला अकरा-बारा मायक्रॉननं बदलते.

कारखानदारांना आणि आयटीआयच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. फडताळातले जुने पॅटर्न एकदा तपासा. ज्यांचं ड्रॉइंग नाही आणि मागणी अजून येते, ते आधी निवडा. रात्री मशीन रिकामं असेल तर त्यावर स्कॅन लावा आणि विद्यार्थ्यांना शेजारी बसवा. कुठे दाट आणि कुठे विरळ टेकवायचं, हे ती मुलं तिथेच शिकतील, आणि पॅटर्न मोडला तरी त्याचं माप आपल्या हाती राहील.