तिकिटावरचा चेहरा



टपालाची तिकिटे जमविणे हा निव्वळ पोरखेळ नव्हे. राज्य कोणाचे, हे तिकीट सांगते. इंग्लंडच्या १८४० सालच्या पहिल्या तिकिटावर देशाचे नावच नव्हते. राणी व्हिक्टोरियाचा चेहरा पुरेसा होता. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन आपला चांदा इंग्रजांकडे गेला, आणि त्याच वर्षी तोच चेहरा साऱ्या हिंदुस्थानच्या टपालावर आला. त्या सत्तेविरुद्ध मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके उठले. १८५८ साली चांद्यातच त्यांना फाशी झाली. पुढे स्वतंत्र भारताच्या टपालखात्याने त्यांच्या नावाने तिकीट काढले. मुलांच्या संग्रहात ही दोन्ही तिकिटे शेजारी असू द्या. राणी कोण, हे ती पुस्तकात वाचतील; शेडमाके कोण, हे मात्र आपणच सांगावयाचे आहे.