पोरांनो, कंबर मोजा! पुरुषांचं हृदय आणि बाहेर दिसणाऱ्या खुणा

आजचा विषय जरा गंभीर आहे, पण भाषा आपली नेहमीचीच.

मी अजिंठ्याचा. लेण्यांकडे येणारे लोक फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उतरतात, बसने चारेक किलोमीटर आत जातात आणि मग पायऱ्या चढतात. त्या चढावर एखादे काका थांबतात, छातीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "काही नाही रे, ॲसिडिटी आहे." दोन-चार मिनिटं बसले की बरं वाटतं, की लगेच पुढे निघतात.

इथंच सावध व्हा. चढताना छाती दाबल्यासारखी होणं आणि थांबल्यावर बरं वाटणं, हे अंजायना असू शकतं. हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या की बसल्या जागी रक्त पुरतं, चढावर कमी पडतं. अशा वेळी लेणी राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

आता आरशासमोर उभे राहा.

पहिली खूण पोट. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या वर गेली की धोका वाढतो. पॅन्टचा नंबर सांगू नका, ती आपण पोटाखाली घालतो! टेप बेंबीजवळून फिरवा.

दुसरी, पापण्यांवर किंवा डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळसर, न दुखणारे चट्टे. तिसरी, बुबुळाभोवती पांढुरकी कडा. म्हातारपणी ती बऱ्याच जणांना येते, पण चाळिशीच्या आत दिसली तर कोलेस्टेरॉल तपासा. चौथी, मानेमागची काळी, जाडसर कातडी. तो मळ नसतो, घासून जात नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, म्हणून शुगर तपासा.

आणि कानाच्या पाळीवरची तिरकी घडी? अमेरिकेतल्या डॉ. फ्रँक यांनी १९७३ मध्ये ती नोंदवली. हृदयविकाराशी तिचा संबंध आढळलाय, पण फक्त घडी पाहून निदान होत नाही.

एक गोष्ट कट्ट्यावर कुणी बोलत नाही. लिंगाला ताठरता येत नसेल, तर कारण कधीकधी रक्तवाहिन्यांत असतं. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून अडथळा आधी तिथं जाणवतो. मेडिकलवरून गुपचूप गोळी घेऊ नका. हृदयाच्या काही औषधांबरोबर ती जीवघेणी ठरू शकते.

पण एकही खूण नाही म्हणजे सुटलो, असं नाही. बीपी आरशात दिसत नाही. तंबाखू, सिगारेट, शुगर, वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत आलेला झटका, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात पहिल्या झटक्याचं सरासरी वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ निघालं, इतरांत जवळपास ५९. आपला श्रेयस तळपदे आठवा. १४ डिसेंबर २०२३ ला शूटिंगनंतर त्याला झटका आला, तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. वेळेत अँजिओप्लास्टी झाली आणि तो पुन्हा कामाला लागला.

ही 'वेळेत'ची गोष्ट आम्हा गावाकडच्यांना जास्त लागू आहे. लेण्यांपासून छत्रपती संभाजीनगर सुमारे १०० किलोमीटर, जळगाव साधारण ६०. छातीत दाब, घाम, हात किंवा जबड्यात कळ आली आणि बसूनही थांबली नाही, तर सोडा पिऊन वाट बघू नका. स्वतः बाइक चालवत जाऊ नका. १०८ ला फोन लावा आणि जवळच्या दवाखान्यात आधी ईसीजी काढून घ्या.

तिशी ओलांडली असेल तर या महिन्यात बीपी, शुगर आणि लिपिड प्रोफाइल करून टाका. आणि हा एपिसोड पप्पांना नुसता फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून ऐकवा. भेटू पुढच्या भागात!