बाप्पा एकदंत, मग आपला मुलगा बाकावर का?

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात मोहगाव येथे केलेले भाषण)



दहा दिवस आपण ज्याच्यापुढे हात जोडतो, तो बाप्पा एकदंत आहे. एक दात तुटला म्हणून त्याची मूर्ती कोणी अपुरी मानत नाही. पण घरातल्या मुलाचा हात कोपरापासून नसला, तर व्यायामशाळेच्या दारातच आपण म्हणतो, "राहू दे बाळा, तुला जमायचं नाही." आम्ही व्यायामशाळेची मंडळी आज या वाक्याविषयीच बोलणार आहोत.

आपला पांढुर्णा-सौंसरचा भाग शेतीचा. कडबा कुट्टी, मळणीयंत्र, विजेची तार यांच्यापायी हात गमावलेली माणसे आपण पाहिलेली आहेत. काहींचा हात जन्मतःच आखूड असतो. अशा माणसाला आपण जपतो ते मायेपोटी. पण पुढे काय होते? पाण्याची बादली, संत्र्याची पेटी, खताचे पोते, सारा भार एकाच हातावर येतो. पाठ एका बाजूला झुकते. दुसऱ्या खांद्याचे स्नायू न वापरल्याने बारीक होतात. चाळिशीत चांगला खांदाच दुखू लागला, तर त्याने काम कोणत्या हाताने करायचे? म्हणून ज्याला एकच हात आहे, त्याला व्यायामाची गरज आपल्यापेक्षा अधिक आहे.

यात तत्त्व एकच: साधन शरीराप्रमाणे बदलायचे.

जोर मारताना आखूड हाताखाली एकावर एक घट्ट बसणारे पाट ठेवा, वर जाड सतरंजी घाला. दोन्ही खांदे एका पातळीत आले की जोर बरोबर बसतो. हात फारच आखूड असेल, तर भिंतीला टेकून सुरुवात करावी.

वजन उचलताना लांब बार एका हाताने उचलू नये, तोल जातो. चांगल्या हातात डंबेल घ्यावे. आखूड हाताला रुंद, मऊ अस्तराचा पट्टा बांधून त्यात रबरी पट्टा अडकवावा आणि कोपर मागे ओढावे. हाताचे टोक निमुळते असल्याने पट्टा घसरत असेल, तर तो कोपराच्या वर दंडाला बांधावा. पंजा नसला तरी पाठ आणि खांदा ही ओढ घेतात.

बैठकांसाठी वजन हातात धरायलाच हवे असे नाही. पाठीवरच्या दप्तरात वाळूची पिशवी घातली की झाले. पाय नसेल, तर पाठ टेकवून बसून छाती-खांद्याचे व्यायाम करावेत. कृत्रिम पाय असेल, तर आधाराचा दांडा धरून बैठक घ्यावी आणि सुरुवातीला ती अर्धीच घ्यावी.

मोजणी अशक्त बाजूपासून करावी. तिकडे दहा वेळा झाले, तर सशक्त बाजूलाही दहाच. वजन मात्र वेगळे चालेल. एकीकडे दोन किलो, दुसरीकडे आठ. शेवटची दोन आवर्तने जड जावीत, पण पाठ वाकडी होऊ नये. बारा वेळा सहज होऊ लागले की थोडेच वजन वाढवावे.

व्यायामानंतर पट्ट्याखालची कातडी रोज पाहावी. लाली लवकर गेली नाही, फोड आला किंवा घामाने सोलवटले, तर त्या भागाला विश्रांती द्यावी. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांनी होकार देईपर्यंत भार नको.

हे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या जवानांसाठी पुण्यात १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. दिव्यांगांच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये खेळाडू पाय जमिनीवर टेकवत नाही. पाय बाकावरच राहतात, हवे तर पट्ट्याने बांधतात. म्हणजे बाकच खेळाडूसाठी बदलला.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडले आणि त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. ४ सप्टेंबर २०२४ रोजी, गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी, पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक केवळ सहा सेंटिमीटरने हुकले. गोळा सुटतो हातातून, पण जोर येतो पायांतून आणि कमरेतून. तो जोर कमवायला दोन धडधाकट हात लागतातच असे नाही.

प्रत्येक मूल खिलारी होईल असे आम्ही म्हणत नाही. त्याचा एक हात साठाव्या वर्षीही दुखू नये, आणि कवायतीच्या तासाला त्याने बाकावर बसून इतरांचे कपडे सांभाळू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.

तेव्हा पालकांनो, त्याला घेऊन या. पाट आम्ही ठेवू, पट्टा आम्ही शिवून घेऊ. "जमायचं नाही" हे मात्र घरीच ठेवून या.

गणपती बाप्पा मोरया!