तपाराधना आणि इन्सुलिनची मात्रा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त घिवली येथे झालेले आरोग्यविषयक व्याख्यान)



पर्युषण पर्व जवळ आले की, ज्या घरातील वडीलधारे इन्सुलिनवर आहेत त्या घरात एक प्रश्न उभा राहतो : उपवासाच्या दिवशी सुई द्यावी की बंद ठेवावी? खरा प्रश्न मात्रेचा आहे.

ग्लार्जिनसारखे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन एकदा टोचले की सुमारे २४ तास प्रभाव ठेवते. जेवण झाले की नाही, हे ते पाहत नाही. उपवासातही यकृत रक्तात साखर सोडीत असते. तिला आवर घालणे हेच त्याचे कार्य. म्हणून ते मनाने बंद करणे धोक्याचे. टाइप-१ मधुमेहात तर प्राणघातक. उलट नेहमीचीच मात्रा दिल्यास साखर घसरण्याचे भय असते. मूत्रपिंडे दुबळी असल्यास इन्सुलिन शरीरात रेंगाळते व हे भय वाढते.

रमजानच्या रोजासाठी तज्ज्ञ ही मात्रा साधारणतः १५ ते ३० टक्के कमी करण्यास सुचवितात. परंतु रोजा सूर्यास्ताला सुटतो. आपला उपवास आदल्या सूर्यास्तापासून तिसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ तास चालतो. त्यामुळे तो हिशेब येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्या डॉक्टरांकडून मात्रा पर्वापूर्वीच ठरवून घ्यावी.

नित्य चौविहार करणाऱ्यांनीही सावध असावे. सायंकाळी लवकर भोजन आणि रात्री सुई, असा क्रम असेल तर पहाटे साखर उतरू शकते. सुईची वेळ सकाळी नेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. घरच्यांनी रोज सकाळचा उपाशीपोटीचा आकडा वहीत लिहावा. एका दिवसाच्या आकड्यावरून मात्रा वाढवू नये. किमान तीन दिवसांची नोंद डॉक्टरांना दाखवावी. आकडा एकदा जरी ७० च्या खाली गेला, तरी त्याच दिवशी कळवावे.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच साखर तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे. घिवलीहून रात्री बोईसर गाठण्यात वेळ जातो. म्हणून ग्लुकोमीटर आणि साखर उशाशी असावी.

‘यामुळे पच्चक्खाण मोडेल’ या भयाने अनेक जण त्रास लपवितात. परंतु पच्चक्खाणाच्या पाठातच ‘सव्वसमाहिवत्तियागार’ ही सवलत आहे. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्यास ती वाट देते. तिचा अर्थ गुरुमहाराजांकडून आधीच समजून घ्यावा. तत्त्वार्थसूत्रानेही तप यथाशक्तीच सांगितले आहे.

ज्यांना उपवास झेपत नाही, त्यांना स्वाध्याय, सामायिक व प्रतिक्रमण मोकळे आहे. आणि पहाटे उठून वडिलांची साखर तपासणारा मुलगा वा सून वैयावृत्त्यच करीत असते. वैयावृत्त्य हे आभ्यंतर तपच आहे.

जय जिनेंद्र!